'स्टेशनपासून पाच मिनिटं' असं लॉस एंजेलिसमध्ये कोणी छापत नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारच्या पुरवणीत शहरांच्या वाढीवर जो लेख आला होता त्यात एक वाक्य होतं, की आपल्यालाही आता अमेरिकेसारखे डाऊनटाऊनमध्ये उंच टॉवर आणि त्याखाली मेट्रो असं करावं लागेल. ते वाचलं आणि राहवलं नाही म्हणून लिहायला बसले. मी मूळची डोंबिवलीची, गेली सोळा वर्षं लॉस एंजेलिसजवळ मन्रोव्हिया नावाच्या गावात राहते आणि कामाला डाऊनटाऊनला जाते, आणि मुख्य म्हणजे ट्रेनने जाते, जे इथे सांगितलं की लोक आधी गाडी बिघडलीये का विचारतात. तुमचा लेख चुकीचा आहे असं नाही, पण लॉस एंजेलिस जवळून बघितलं असतं तर लेखकाने ते वाक्य जरा जपून लिहिलं असतं असं मला वाटतं.

दोन वर्षांपूर्वी बाबा आले होते. चौतीस वर्षं डोंबिवली ते व्हीटी केलेला माणूस, त्यांना मी कौतुकाने म्हटलं चला आज आपण ट्रेनने डाऊनटाऊनला जाऊ. मन्रोव्हियाला चढलो, गाडी रिकामी, बाबांनी खिडकी पकडली आणि खूश. आर्केडियाच्या पुढे गाडी सरळ 210 फ्रीवेच्या मधोमध जाते, म्हणजे दोन्ही बाजूला चार-चार पाच-पाच लेन गाड्या आणि मध्ये आपली ट्रेन. पॅसाडीनातली तीन स्टेशनं तर फ्रीवेच्या पोटातच आहेत, प्लॅटफॉर्मवर उभं राहिलं की शेजारच्या माणसाशी बोलता येत नाही एवढा आवाज. बाबांनी विचारलं, "इथे उतरून लोक जातात कुठे? स्टेशनच्या बाहेर बाजार कुठाय?" मी म्हटलं बाहेर पूल आहे, पुलावरून रस्त्यावर यायचं. ते गप्प बसले. थोड्या वेळाने म्हणाले, "म्हणजे स्टेशनला ईस्ट वेस्ट काही नाहीच."

हे मला तेव्हा गमतीचं वाटलं होतं पण आता वाटतं की सगळं त्यातच आलं. आपल्याकडे घराच्या जाहिरातीत पहिली ओळ काय असते तर 'स्टेशनपासून पाच मिनिटं', मग ती पाच मिनिटं प्रत्यक्षात वीस असली तरी चालतं, पण ती ओळ लागते. इथे मी तीन वेळा घर शोधलंय, प्रत्येक जाहिरातीत बेडरूम किती बाथरूम किती आणि पार्किंग किती. स्टेशन असेल तर कुठेतरी खाली बारीक अक्षरात.

आता गंमत अशी की हे शहर एकेकाळी ट्रेनचंच होतं. पॅसिफिक इलेक्ट्रिक नावाच्या कंपनीच्या लाल ट्रॅम, ज्यांना रेड कार म्हणायचे, त्यांचं जाळं 1000 मैलांच्या वर होतं आणि ट्रॅमचे रूळ टाकून मग बाजूची जमीन प्लॉट पाडून विकायची हा तिथला धंदा होता. गावं रुळांच्या कडेने वसली. मन्रोव्हियालासुद्धा ती गाडी यायची. मग मोटारी आल्या, फ्रीवे आले, आणि 1961 मध्ये शेवटची लाँग बीचची लाइन पण बंद केली. आणि मग बरोबर 29 वर्षांनी, 1990 साली, बऱ्याच अंशी त्याच पट्ट्यावरून पुन्हा रूळ टाकून ब्लू लाइन सुरू केली. काढलेलं परत घालायला किती पैसे लागले असतील याचा हिशोब कोणी मांडत नाही, आपल्याकडेही मुंबईच्या ट्रॅमचा कोणी मांडत नाही.

उंचीचंही तसंच उलटसुलट. तुमच्या लेखात अमेरिकन डाऊनटाऊन म्हणजे जन्मापासून उंच असं काहीसं आलंय. लॉस एंजेलिसमध्ये विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून 1957 पर्यंत 150 फुटांच्या वर इमारत बांधायला बंदी होती, म्हणजे साधारण तेरा मजले. फक्त सिटी हॉलला, 1928 ची ती पांढरी इमारत, लोकांनी खास सूट दिली म्हणून ती 454 फूट उंच आणि मग कितीतरी वर्षं तीच एकटी सगळ्यांच्या वर. त्यामुळे स्प्रिंग स्ट्रीटवर गेलात तर जुन्या बँकांच्या इमारती सगळ्या एका उंचीच्या, एका रांगेत. बाबा तिथे उभे राहून म्हणाले, "अरे हे तर बॅलार्ड इस्टेट." अगदी बरोबर बोलले. आणि मी पुढे जे सांगणारे ते याच रस्त्याचं आहे, टॉवरचं नाही.

पण आधी टॉवर. बंदी उठल्यावर बंकर हिल नावाच्या टेकडीवरची जुनी लाकडी घरं पाडली, हजारो लोक, बहुतेक भाडेकरू, म्हातारी माणसं, तिथून गेली, आणि टेकडीचा माथा खरवडून ऑफिसच्या इमारती आल्या. आपल्या रिडेव्हलपमेंटमध्ये निदान जुन्या भाडेकरूला नवीन खोली द्यायची बोली तरी असते (मिळते की नाही हा वेगळा विषय), इथे तेही नव्हतं. तिथे 1989 मध्ये 1,018 फुटांचा टॉवर उभा राहिला, आता त्याला यूएस बँक टॉवर म्हणतात पण आधी लायब्ररी टॉवर म्हणायचे. का, तर समोरच्या सार्वजनिक लायब्ररीला 1986 साली दोनदा आग लागली, लाखो पुस्तकं जळाली, आणि दुरुस्तीसाठी पैसे उभे करायला लायब्ररीने आपल्या डोक्यावरची न वापरलेली बांधायची जागा, म्हणजे हवा म्हणा ना, बिल्डरला विकली. मुंबईच्या माणसाला हे समजावून सांगायला नको, हा सरळ सरळ टीडीआर आहे, एका जागेचा बांधायचा हक्क दुसऱ्या जागेसाठी विकायचा. आणि माझ्या मते चांगला टीडीआर, कारण लायब्ररी अजून आहे, सुंदर आहे, फुकट आहे, आणि जी हवा विकली ती कुठे गेली ते रस्ता ओलांडला की दिसतं. आपल्याकडचा टीडीआर कुठून निघतो आणि कुठे उतरतो ते शोधायला माहितीचा अधिकार लावावा लागतो.

मग 2017 ला विलशायर ग्रँड, 73 मजले, वरच्या टोकासकट 1,100 फूट, कोरियन एअरच्या हांजिन ग्रुपने बांधला. याचा पाया ओतला तेव्हा अठरा तासांहून जास्त वेळ न थांबता काँक्रीट पडत होतं, 21,200 घनयार्ड, गिनीजमध्ये नोंद झाली. हा टॉवर सेव्हन्थ स्ट्रीटच्या मेट्रो स्टेशनला खेटून आहे, शहरातल्या सगळ्यात महत्त्वाच्या स्टेशनला, म्हणजे आपल्या भाषेत दादरला. आणि तरी त्याच्याखाली जमिनीत पार्किंगचे मजले आहेतच.

इथेच माझं म्हणणं आहे. टॉवर स्टेशनवर उभा केला म्हणजे टॉवरमधली माणसं स्टेशनात उतरतात असं नाही. लिफ्टचं बटण शेवटी कुठल्या मजल्याचं दाबलं जातं हे बघा, रस्त्याच्या की पार्किंगच्या.

याचं एक उदाहरण देते जे मला कळलं तेव्हा खरंच वाटलं नव्हतं. डाऊनटाऊनमध्ये डिस्ने कॉन्सर्ट हॉल आहे, तो चकचकीत स्टीलचा, फ्रँक गेरींनी डिझाइन केलेला, सगळे पाहुणे तिथे फोटो काढतात. तो हॉल 2003 मध्ये उघडला. पण त्याच्या खालचं सहा मजली पार्किंग, 2,188 गाड्यांचं, ते 1996 लाच तयार होतं! काउंटीने (म्हणजे इथल्या जिल्ह्याने) 11 कोटी डॉलर कर्ज काढून आधी पार्किंग बांधलं, वरच्या हॉलला तेव्हा पैसे नव्हते. आणि ते कर्ज फिटावं म्हणून हॉलवर अट, दर हिवाळी सीझनला कमीत कमी 128 कार्यक्रम झालेच पाहिजेत. म्हणजे गाणं कशासाठी तर पार्किंगचं कर्ज फेडायला. हे सगळं इथल्या यूसीएलए विद्यापीठातले प्रोफेसर डोनाल्ड शूप यांनी मांडलं होतं, आयुष्यभर हा माणूस पार्किंग या एकाच विषयावर काम करत राहिला, 2025 च्या फेब्रुवारीत वारले. लोक हसायचे म्हणे सुरुवातीला, की पार्किंग हा काय अभ्यासाचा विषय झाला.

माझ्या स्वतःच्या ऑफिसचं सांगते, नाव नाही घेत. नोकरी लागली तेव्हा पार्किंग फुकट, महिन्याचे तीनशे डॉलर कंपनी भरायची. ट्रेनने आलात तर काय, तर काही नाही, पास तुमचा तुम्ही काढा. मी एचआरला दोनदा विचारलं की मला पार्किंग नको त्याबदली निम्मे पैसे द्या, तर बाई गोड हसली. अशा वेळी दहातले आठ जण गाडीने येणार नाहीत तर काय करतील? आणि त्यांना दोष तरी कसा देऊ, मुलाला डे केअरमधून सहाच्या आत उचलायचं असतं, ट्रेन चुकली तर पुढची कधी येईल सांगता येत नाही, मीही मुलगी लहान असताना चार वर्षं गाडीनेच गेले.

बरं, ट्रेनवर खर्च होत नाही असं मुळीच नाही, उलट यात या लोकांना मानलं पाहिजे. लॉस एंजेलिस काउंटीच्या लोकांनी 2008 ला आणि परत 2016 ला स्वतः मत देऊन सेल्स टॅक्स डॉलरमागे अर्धा अर्धा सेंट वाढवून घेतला, मेट्रो आणि वाहतुकीसाठी. त्या करांना दोन तृतीयांश मतं लागत होती, साधं बहुमत चालणार नव्हतं. मध्ये 2012 ला एकदा 66 टक्के मिळाली आणि अर्ध्या टक्क्याने पडलं. तुम्ही आपल्याकडे मतदान घेऊन बघा की मेट्रोसाठी जीएसटी वाढवू का! आणि नुसता पैसा असून भागत नाही हेही इथेच बघितलं, 1985 मध्ये फेअरफॅक्स भागात जमिनीतल्या मिथेन वायूचा एका दुकानात स्फोट झाला आणि त्यावरून विलशायर बुलेवार्डखालून पश्चिमेला बोगदा न्यायला जी बंदी आली ती 2007 पर्यंत टिकली. शहरातला सगळ्यात गच्च रस्ता, जिथे भुयारी मेट्रो सगळ्यात आधी हवी होती, तिथेच वीस वर्षं काम नाही. वायूची भीती खरी होतीच, पण श्रीमंत वस्त्यांना मेट्रो नकोच होती आणि त्यांना आयतं कारण मिळालं असं जुने लोक सांगतात, मलाही तेच पटतं.

जून 2023 पर्यंत मी कशी जायचे ते ऐका. मन्रोव्हियाहून गोल्ड लाइनने युनियन स्टेशन, तिथे उतरायचं, जिना, बोगदा, परत जिना, मग भुयारी लाइन पकडून सेव्हन्थ स्ट्रीट. अंतर दोन मैलसुद्धा नाही पण त्या बदलण्यात पंधरा वीस मिनिटं जायची. कारण उत्तरेची लाइन आणि दक्षिणेची लाइन यांच्या मध्ये डाऊनटाऊनमध्येच एक भोक होतं. कल्पना करा की कल्याणची गाडी भायखळ्याला संपते आणि हार्बर सॅंडहर्स्ट रोडला. ते 1.9 मैलांचं भोक बुजवायला 180 कोटी डॉलर आणि 2014 पासून नऊ वर्षं लागली. त्याला रीजनल कनेक्टर म्हणतात, तीन नवी स्टेशनं, आणि ज्या दिवशी ते सुरू झालं त्या आठवड्यात मी बसल्या जागी न उठता ऑफिसला पोचले आणि खरं सांगते, डोळ्यात पाणी आलं. नवऱ्याला वाटलं प्रमोशन मिळालं. माझ्या सोळा वर्षांत या शहरात जे जे बांधलं गेलं त्यात सगळ्यात उपयोगाचं हेच, आणि ते जमिनीखाली आहे, त्याचा फोटो येत नाही.

आता ही जोडलेली लाइन, जुनी गोल्ड आणि ब्लू मिळून जिला ए लाइन म्हणतात, सप्टेंबर 2025 पासून पोमोनापर्यंत गेलीये, लाँग बीच ते पोमोना 57.6 मैल, जगातली सगळ्यात लांब लाइट रेल, म्हणजे ट्रॅमसारखी हलकी रेल्वे, म्हणतात. किलोमीटरमध्ये त्र्याण्णवच्या आसपास, म्हणजे सीएसएमटीहून निघून नेरळ ओलांडलं तेवढी. भाडं कुठूनही कुठेही पावणेदोन डॉलर, दोन तास बदलाबदली फुकट. 2028 चं ऑलिंपिक आहे म्हणून सगळी घाई चाललीये. पण लांबी हा काय कौतुकाचा विषय आहे मला कळत नाही, तेवढ्या लांब जाणारं माणूस कोण? जो जाईल त्याचे दोन अडीच तास जातील. एका बाजूला लाइन लांब लांब नेतात आणि दुसऱ्या बाजूला स्टेशनच्या आजूबाजूला बंगलेच, कारण शहरातल्या राहण्याच्या जमिनीपैकी जवळजवळ तीन चतुर्थांश जमिनीवर वर्षानुवर्षं फक्त एका कुटुंबाचं एक घर एवढंच बांधायची परवानगी होती. आमच्या मन्रोव्हियाच्या स्टेशनला लागून आधी काय झालं तर पार्किंगची इमारत. आता शेजारी अपार्टमेंट उभी राहिलीयेत ते बरं झालं, सकाळी तिथून चालत येणारी मुलं मुली दिसतात, हातात कॉफी, त्यांना बघून डोंबिवलीची आठवण येते, फक्त धावत नाहीत एवढाच फरक.

आता स्प्रिंग स्ट्रीटवर परत येते. डाऊनटाऊन 1990 च्या दशकात संध्याकाळी सहानंतर ओस पडायचं, ऑफिसं वर टेकडीवरच्या टॉवरमध्ये गेलेली, जुन्या बँकांच्या इमारती रिकाम्या, खाली दुकानं आणि वर दहा मजले कबुतरं. त्यांची घरं का करत नाहीत, तर नियम असा की घर केलं की प्रत्येकामागे पार्किंग दाखवा, आणि 1910 सालच्या इमारतीत पार्किंग कुठून आणणार? 1999 मध्ये शहराने एक नियम बदलला, जुन्या इमारतींची घरं करायची असतील तर नवीन पार्किंग दाखवायची सक्ती नाही. बाकीच्याही काही अटी सैल केल्या. तेव्हापासून त्या इमारती एकेक करून भरायला लागल्या. तेव्हा डाऊनटाऊनमध्ये वीस हजारांच्या आत माणसं राहायची, आता ऐंशी नव्वद हजार राहतात. किराणा दुकान आलं, कुत्री फिरवणारे आले, बाबागाड्या आल्या. याची सुरुवात कुठल्या हजार फुटी टॉवरने केली नाही, तेरा मजली म्हाताऱ्या इमारतींनी केली, आणि ती कागदावरचे नियम बदलून झाली, त्याला क्रेन लागली नाही.

आणि टॉवरचं काय झालं? कोविडनंतर लोक घरून काम करायला लागले आणि डाऊनटाऊनची ऑफिसं जवळजवळ एक तृतीयांश रिकामी. गॅस कंपनी टॉवर म्हणून 52 मजली इमारत आहे, तिच्या मालकाला कर्ज झेपलं नाही, शेवटी 2024 मध्ये काउंटीने ती 20 कोटी डॉलरला घेतली, काही वर्षांपूर्वी तिची किंमत याच्या तिप्पट धरली होती. आणि बास्केटबॉलच्या स्टेडियमसमोर ओशनवाइड प्लाझाचे तीन टॉवर, चिनी कंपनीचे, 2019 च्या जानेवारीत पैसे संपले आणि काम थांबलं, पाच वर्षं नुसते सांगाडे. मग 2024 च्या सुरुवातीला पोरं रात्री आत शिरून मजल्यामागून मजले रंगवत वर गेली, एवढी मोठी रंगीत नावं की फ्रीवेवरून वाचता यायची. शहरवाले चिडले, कुंपणाला आणि पहाऱ्याला पैसे मंजूर केले. बाबांना मुद्दाम दाखवायला नेलं होतं. ते बराच वेळ मान वर करून बघत होते, म्हणाले, "आपल्याकडे अशा सांगाड्यात पाचशे कुटुंबांचा जीव अडकलेला असतो. इथे निदान रंग तरी फुकट मिळाला." हसू आलं पण नंतर माझ्या मावसभावाचा फ्लॅट आठवला, नऊ वर्षं झाली, असो.

सरकारने आता बरंच उलटं फिरवायला घेतलंय हे सांगायला हवं, नाहीतर एकतर्फी होईल. कॅलिफोर्नियात जानेवारी 2023 पासून मोठ्या स्टेशनच्या अर्ध्या मैलात कोणतंही गाव बिल्डरवर पार्किंगची सक्ती करू शकत नाही. आणि ऑक्टोबर 2025 मध्ये आणखी एक कायदा सही झाला की चांगली सेवा असलेल्या स्टेशनला लागून नऊ मजल्यांपर्यंत घरं बांधायला आता गावाने नाही म्हणायचं नाही. नऊ मजले, लक्षात घ्या, साठ नाही. त्याला विरोध कोणी केला? लॉस एंजेलिसच्या सिटी कौन्सिलने आणि महापौर बाईंनीच, की आमच्या गावाचं आम्ही ठरवू. ट्रेन हवी, पण ट्रेनजवळ शेजारी नकोत.

माझी या सगळ्यात एक तक्रार राहतेच ती ट्रेनच्या आतली. रात्री नऊनंतर मी एकटी ट्रेनने येत नाही. डब्यात झोपलेली, नशेतली माणसं असतात, ज्यांना घर नाही त्यांचं घर म्हणजे ए लाइनचा शेवटचा डबा. घाबरण्यासारखं रोज काही होतं असं नाही पण एकदा झालंय आणि पुरे आहे. पावणेदोन डॉलरच्या तिकिटात घरांच्या टंचाईचं उत्तर बसत नाही हे मला कळतं, पण संध्याकाळच्या कार्यक्रमाला थांबायचं असेल तर त्या दिवशी मीही गाडीच काढते आणि त्या डिस्ने हॉलच्या खालच्या 2,188 मधली एक जागा माझी असते. ढोंगी वाटेल, पण खरं तेच लिहिते.

आता तुमच्या लेखाबद्दल. पुण्यात मेट्रोच्या 500 मीटरमध्ये जादा एफएसआय (म्हणजे त्याच प्लॉटवर जास्त बांधायची परवानगी), मुंबईत मेट्रो 3 पूर्ण सुरू झालीये आणि तिच्या आजूबाजूला टॉवर, हे सगळं लेखकाने उत्साहाने लिहिलंय. पण त्या टॉवरच्या पहिल्या सात आठ मजल्यांत काय आहे ते एकदा मान खाली करून बघा, पोडियम, सगळं पार्किंग. मुंबईत तर एकेकाळी सार्वजनिक पार्किंग बांधून दिलं म्हणून बिल्डरला वर जादा एफएसआय मिळायचा. म्हणजे स्टेशनपासून चालत पाच मिनिटांवर घर घ्यायचं, त्यासाठी जादा पैसे मोजायचे, आणि त्यात दोन गाड्यांच्या जागेचेही पैसे द्यायचे. गेल्या डिसेंबरमध्ये आले होते तेव्हा ठाण्यात एका मैत्रिणीच्या नव्या फ्लॅटवर गेले, खिडकीतून मेट्रोचे खांब दिसतात, आणि ती मला अभिमानाने पहिलं काय सांगते तर "दोन कार पार्किंग आहेत गं आम्हाला." मला एकदम पॅसाडीना आठवलं.

म्हणून एक सुचवते. दर शनिवारी तुमच्या घरांच्या पानावर नव्या प्रकल्पांची माहिती येते, मजले किती, दर काय, स्विमिंग पूल आहे का. त्यात दोन रकाने वाढवा, पार्किंगच्या जागा किती आणि सगळ्यात जवळच्या स्टेशनच्या जिन्यापर्यंत चालायला, बाईमाणसाला, पावसात, छत्री घेऊन, किती वेळ लागतो. बिल्डरने सांगितलेला नको, तुमच्या वार्ताहराने चालून बघितलेला.

बाबा यंदा दिवाळीनंतर परत येणारेत. पोमोनाची लाइन सुरू झाल्याचं मी सांगायच्या आधी त्यांनीच मला व्हॉट्सॲप केलं, टाइमटेबल जोडून, आणि खाली एकच प्रश्न, "स्टेशनबाहेर काही झालंय का?"

आपली एक जुनी वाचक,
मन्रोव्हिया, कॅलिफोर्निया
(मूळ डोंबिवली पूर्व, स्टेशनपासून खरोखर पाच मिनिटं)